बटण कशाने गेले

दुकानातून,
४ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

मामाचे उदंड आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, आणि वय वर्षे शून्य, महिने चार अशा तुमच्या घरच्या सार्वभौम सत्ताधीशांस साष्टांग दंडवत. त्यांच्या दरबारात रुदन हीच राजभाषा असल्याचे कळते. इकडे आम्ही उभयता ठीक. तुझ्या मामीचा गुडघा दुखतो, माझा दुखत नाही. त्यामुळे व्याधी या विषयावर बोलण्याचा अधिकार घरात एकट्या तिच्याकडे आहे.

हातात फोन असताना पत्र कशाला, असे तू म्हणशील. फोनवर माझी जीभ माझ्या आधी पोहोचते आणि सगळी जागा अडवून बसते. कागदावर तिला निदान रांगेत उभे करता येते.

तर मुख्य वृत्त. तुझा मामा कायद्याने निःश्वान झाला आहे. निर्मार्जारही. गेल्या महिन्यात नगरपालिकेने ठराव संमत केला की शहरातील कोणत्याही दुकानात यापुढे कुत्र्यामांजरांची पिल्ले विकता येणार नाहीत. मासे विकावेत, पक्ष्यांचे दाणे विकावेत, साबण, वाडगे, पट्टे, साखळ्या खुशाल विकाव्यात. निवारा केंद्रातले बेवारस प्राणी दुकानात ठेवून, काहीही न घेता, चांगल्या घरी द्यायचे असतील तर तेही चालेल. थोडक्यात, पट्टा विकायचा, मान विकायची नाही. ठरावात हे इतक्या सुबकपणे लिहिलेले नाही. मसुदा करताना मला विचारले असते तर मी लिहून दिले असते.

काचेमागचे सहाही कप्पे आता रिकामे आहेत. पिंजऱ्यांवरच्या माझ्या पाट्या तुला आठवत असतील: ‘श्रीमान् निद्रासम्राट’, ‘कुमारी पादत्राणभक्षिणी’. मामीने त्या काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या. मी म्हटले, अगं, हे साहित्य आहे. ती म्हणाली, "असू दे. साहित्यालाही धूळ बसते."

ठरावापूर्वी रीतसर सुनावणी झाली. दुकानदारांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न निघाला, तेव्हा उरलेले तिघे दुकानदार एकाच वेळी माझ्याकडे पाहू लागले. मी अकरा पानांचे भाषण लिहून नेले. "हे नगरपालक हो! ज्या काचेपुढे या नगरातील तीन पिढ्यांनी नाके चेपटी करून घेतली, ती काच आज आपल्यापुढे न्याय मागत उभी आहे!" लोक हसले. टाळ्याही पडल्या. विरोधी बाजूची मंडळी पार्श्वभूमी सांगत होती: पिल्ले कुठून येतात, किती लहान वयात आईपासून तोडतात, बंद गाडीतून किती तास आणतात, त्यातली किती आजारी निघतात. त्यांच्याकडे छायाचित्रे होती. माझ्याकडे अलंकार होते. सभागृह तरीही बराच वेळ माझ्या बाजूला होते, हे मी नम्रपणे नमूद करतो.

मग एक सदस्य उठल्या. निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी चष्मा पुसत विचारले, "भाषण छान झालं. आता एकच सांगा. पिल्लू आजारी आहे किंवा आजारी पडणार आहे, हे माहीत असताना कधी विकलंत का?"

"कदापि नाही, महोदया!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

आणि ते अक्षरशः सत्य होते. अक्षरशः.

पुढे मतदान झाले आणि आम्ही हरलो. परतताना तुझी मामी बसथांब्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. एरवी मी भाषण करून आलो की ती म्हणते, "आता घसा दुखेल, गरम पाणी प्या." त्या दिवशी पाणीसुद्धा निघाले नाही. का, ते मी विचारले नाही. दुकानात उरलेली तीन पिल्ले आम्ही निवारा केंद्रात पोचवली. तिथल्या मुलीने ती उचलून आत नेली आणि जाताना माझ्या बाहीवरचे केस झटकले. एखाद्या पाहुण्याचे झटकावेत तसे.

तुझी आई परवा काच धुवायला मदत म्हणून आली होती. वयाने मोठी बहीण असली की ती मदत करीत नाही, सूचना करते; तरी ताईने अर्धी काच स्वतः धुतली. बोलता बोलता तुझ्याविषयी सांगू लागली. बाळाला डॉक्टरांनी वरचे दूध सुरू करायला सांगितले आहे, पण तू ते स्वतः पाजत नाहीस म्हणे. मापून करतेस, हुंगतेस, मग ओतून देऊन पुन्हा नवे करतेस आणि बाटली जावईबापूंच्या हातात देतेस. ते घरी नसतील तर शेजारच्या बाईंना बोलावतेस. गेल्या आठवड्यात त्या बाहेर गेल्या होत्या, आणि बाळ अर्धा तास भुकेने रडत राहिले आणि तूही त्याच्याबरोबर रडत राहिलीस. "हात कापतात रे तिचे," असे ताई म्हणाली, काचेला. मला नव्हे.

हे ऐकून मी फडके बादलीत टाकले आणि काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. ताई हसली, एवढे आठवते.

माशांची टाकी स्वच्छ करायची आहे. येथेच आवरते घेतो.

सत्ताधीशांचा आज्ञाधारक,
तुझा मामा


घरून,
२१ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

तुझे पत्र आले. एवढ्या धामधुमीतही दोन पाने लिहिलीस. ती मी तीनदा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचल्यावर मामीकडे दिली. तिने वाचून घडी घातली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मी अठरा वर्षं गप्प बसले. आता हे उत्तर तरी नीट लिहा."

तू लिहिले आहेस: "दुकानातली पिल्लं गेली याचं फार वाईट वाटलं, मामा. तू इतकी वर्षं किती जणांना जपलंस. मला एक दिलंस, तर ते मी सहा दिवसांत घालवलं. तरी तू मला कधी रागावला नाहीस, हे मी विसरले नाही."

या चार ओळींना माझ्याजवळ विनोद नाही. शोधला. सवयीने शोधला, खोटे का बोलू.

आता मी तुला जे सांगणार आहे ते क्रमाने सांगतो, कारण क्रम बदलून गोष्ट गोड करण्याची कला माझ्या अंगी भिनलेली आहे.

तुझा आठवा वाढदिवस रविवारी होता. त्याआधीच्या सोमवारी दुकानात चार पिल्लांची खेप आली, पांढऱ्या पायांची. तुला पिल्लू देणार, अशी घोषणा मी महिनाभर आधीच केली होती. भर जेवणात ताटावरून उठून, राज्याभिषेकाच्या थाटात. बुधवारी त्या चारांतले एक गेले. गुरुवारी सकाळी दुसरे. मी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पाहिले आणि सांगितले, "पार्व्हो आहे. विषाणू. उरलेली दोन धडधाकट दिसतात, पण ती दिसतात एवढंच. दहा दिवस एकही बाहेर देऊ नका. कुणालाही." शुक्रवारी तिसरेही गेले.

चौथे म्हणजे तुझे बटण.

शनिवारी मामी म्हणाली, "एवढं एक थांबा. पोरीला सांगा, पुढच्या महिन्यात देतो. रडेल, गप्प बसेल." मी म्हणालो, हे बघ कसे उड्या मारते आहे. उड्या मारीत होते, हे खरे. परंतु खरे कारण ते नव्हते. रविवारी सकाळी घरभर पाहुणे असणार, तू दारात बुटांचे खोके घेऊन उभी राहणार, झाकणाला तुझ्या हाताने पाडलेली भोके असणार, आणि मी, ज्याच्या येण्याची सगळे वाट पाहतात तो मी, रिकाम्या हाताने आत येणार. ते मला सहन झाले नसते. एका दिवसाच्या टाळ्यांसाठी मी ते पिल्लू तुझ्या खोक्यात ठेवले.

सुनावणीत मला विचारले की आजारी पडणार हे माहीत असताना कधी विकले का. नाही विकले. भेट दिले. माझे ‘कदापि नाही’ या एका चोरदारातून बाहेर पडले होते, आणि मामीला ते दार ठाऊक होते.

मंगळवारी बटणाने खाणे सोडले. तू त्याला तुझ्या वाट्याचे दूध दिलेस, अर्धा पेला, बशीत ओतून. हे मला नंतर कळले. शनिवारी सकाळी ते गेले आणि ताईने मला बोलावून घेतले. मी आलो तेव्हा तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होतीस. बशी तुझ्या मांडीवर होती. तुझ्या वडिलांनी विचारले, "काय झालं असेल हो? सोमवारपर्यंत तर खेळत होतं." सगळे माझ्याकडे पाहत होते. जाणकार मीच होतो.

मी बशीकडे पाहिले.

"दूध दिलंत का?" मी म्हणालो. "गाईचं दूध पिल्लांना पचत नाही, राणी. फार जड जातं."

एवढेच. दोन वाक्ये. तू वर पाहिलेस. तेवढ्यात ‘पण तिची काही चूक नाही’ असे मी लगेच म्हणालो, मोठ्या मनाने. त्या मोठ्या मनाची मला आज सर्वांत अधिक लाज वाटते.

मग आपण त्याला मागच्या अंगणात पुरले, आणि मी शोकसभा घेतली. "श्वानकुलावतंस बटणराव आज आपल्यातून निघून गेले. त्यांच्या पश्चात एक चेंडू आणि दोन चावलेल्या चपला असा परिवार आहे." तुझे वडील डोळे पुसता पुसता हसले. ताई हसली. तू हसली नाहीस. मला वाटले, लहान आहे, कळले नसेल.

आठ दिवसांनी तू मला चिठ्ठी दिलीस. वहीच्या रेघांवर. ‘मामा सॉरी, मी तुझं बटण मारलं.’ तेव्हा मी बोलायला हवे होते. मी तुला कडेवर उचलले आणि गोष्ट सांगितली. राजाची की उंदराची, आठवत नाही.

अजून संपले नाही. संपले असते तर बरे.

ही हकिकत मी दुकानात सांगू लागलो. गिऱ्हाईक पिल्लू घेऊन निघाले की मी बोट वर करून म्हणे, "दूध अजिबात देऊ नका! माझ्या सख्ख्या भाचीनं प्रेमापोटी दूध पाजलं आणि सहाव्या दिवशी पिल्लू गमावलं." लोक हळहळत. बायका ‘बिचारी’ म्हणत. सल्ला त्यांच्या मनात ठसे. वर्षानुवर्षे सांगून ती हकिकत इतकी गुळगुळीत झाली की मलाच ती खरी वाटू लागली. तुझ्या अर्ध्या पेल्याचा मी हळूहळू पेला केला, मग वाडगा.

तू चौदा वर्षांची असताना एकदा दुकानात आली होतीस. माशांच्या टाकीमागे उभी होतीस. मला दिसली नाहीस, आणि मी एका कुटुंबाला ते सगळे साग्रसंगीत ऐकवले, वाडग्यासकट. मी वळलो तेव्हा तू माशांच्या खाण्याची पुडी परत फळीवर ठेवत होतीस. "मामा, मी निघते," एवढेच म्हणालीस. त्यानंतर तू घरी येत राहिलीस, पण दुकानाची पायरी पुन्हा चढली नाहीस. मी लोकांना सांगे, मुलगी मोठी झाली, अभ्यास वाढला.

आणि आता ताई म्हणते, हात कापतात.

खारूताई, दुधाने ते गेले नाही. तू ते भरवले तेव्हा ते आजारी होतेच. तुझ्या घरी आले तेव्हाही आजारी होते. ते पाणी प्याले असते तरी गेले असते, तू काहीही न देता नुसते जवळ घेऊन बसली असतीस तरी गेले असते. मला हे त्या दिवशीही माहीत होते. ठरावाआधी माहीत होते, तुझ्या लग्नात माहीत होते, बाळाच्या बारशाला पाळण्याजवळ उभा राहून विनोद करीत होतो तेव्हाही माहीत होते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. तो शब्द किती लवचीक आहे, ते मी वर लिहिलेच आहे. म्हणून मंगळवारी मी आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते आता प्रॅक्टिस करीत नाहीत, घरी असतात, आणि त्यांना फार कमी ऐकू येते. त्यामुळे हे सगळे मला ओट्यावर बसून, चढत्या आवाजात, तीनदा सांगावे लागले.

"म्हणजे मी देऊ नका म्हटलं होतं?"

"हो."

"आं?"

"हो! म्हटलं होतं!"

"आणि तरी तुम्ही दिलंत?"

"दिलं!"

"पोरीला?"

"हो! भाचीला! आणि दोष तिच्यावर टाकला!"

त्यांची सून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई थांबल्या. इतकी वर्षे मी श्रोते जमवीत आलो. हे श्रोते मी बोलावले नव्हते. डॉक्टर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, ती खेप सगळी दुकानातच गेली. तुम्ही मला तसंच सांगितलं होतंत." तेही मी विसरलो होतो. त्यांनी कागद मागितला आणि लिहून दिले. थरथरते अक्षर आहे, पण वाचता येते. सोबत जोडतो आहे. त्यात लिहिले आहे की गाईच्या दुधाने पिल्लाचे पोट फार तर बिघडते. ते पिल्लू पार्व्होने गेले. त्याच्या तिन्ही भावंडांना त्यांनी स्वतः तपासले होते. आणि मला ताकीद दिली होती. खाली त्यांच्या सुनेचा फोन नंबर आहे. तू विचारलेस तर ती त्यांच्या कानाशी बोलून उत्तर मिळवून देईल.

काल ताईलाही सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तशीच ठेवून म्हणाली, "अठरा वर्षं माझी पोर..." मी उठू लागलो तेव्हा म्हणाली, "आधी तिला कळव. माझं आणि तुझं काय ते नंतर." दारापर्यंत आली नाही. आजवर कधी असे झाले नव्हते.

तू लगेच क्षमा करशील, अशी मला भीती आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे. आठव्या वर्षी, काहीही केलेले नसताना, तू माझी क्षमा मागितली होतीस. या वेळी घाई करू नकोस. रागाव. मला फोन करून बोल, जे येईल ते बोल, मी मध्ये काही म्हणणार नाही. किंवा करू नकोस फोन. बाळाला पाहायला येऊ नकोस म्हणालीस तर येणार नाही. मामी मात्र येईल. तिने मला वाढदिवसाआधीच्या शनिवारीच थांबवले होते, हे ध्यानात ठेव.

एवढेच मागतो. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा घरात कोणी असो, नसो. बाळ उठले की शेजारच्या बाईंना हाक मारू नकोस. दूध तू एकदाच मापलेस की पुरे, तुझे माप बरोबर असते. त्याला मांडीवर घे आणि तुझ्या हाताने पाज.

तुझ्या हाताने कोणाचेही काही वाईट झालेले नाही. जे झाले ते माझ्या हाताने झाले. याच हाताने हे लिहितो आहे.

मामा